थ्री माइल आयलंड, १९७९: धोका बुधवारी, घबराट शुक्रवारी

अणुवीज केंद्रातल्या अपघाताबद्दल वाद निघाला की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, माध्यमांनी राईचा पर्वत केला. दोन, कंपनीनं आणि सरकारनं सगळं दडवलं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अपघाताला ही दोन्ही मतं थोडी थोडी लागू पडतात आणि दोन्ही अपुरी ठरतात. या अपघाताची नोंद जवळजवळ मिनिटामिनिटाची आहे. यंत्रांचे आलेख आहेत, फोनवरची संभाषणं आहेत, अणुनियामक आयोगाच्या बैठकांची टेप केलेली चर्चासुद्धा आहे. ती नोंद तारखेप्रमाणे लावून पाहिली की दिसतं, भट्टी वितळत होती त्या दिवशी बातम्या शांत होत्या, आणि लोक घरं सोडून निघाले त्या दिवशी मोठा धोका बराचसा ओसरलेला होता. ही फारकत कशी पडली, तेच इथं पाहायचं आहे.

बुधवार, पहाटेचे चार

पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीतल्या बेटावर हे केंद्र. राज्याची राजधानी हॅरिसबर्ग तिथून सुमारे १६ किलोमीटरवर. दुसरं युनिट सुमारे ९०० मेगावॉटचं, दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीचं, बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीच्या बनावटीचं. व्यापारी तत्त्वावर सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे ते ९७ टक्के क्षमतेवर चालू होतं.

सुरुवात अगदी किरकोळ कामातून झाली. टर्बाइनकडून परत येणारं पाणी शुद्ध करणाऱ्या टाकीच्या नळीत रेझिनचा बोळा अडकला होता, तो काढण्याचं काम चाललं होतं. त्यात थोडं पाणी उपकरणांच्या हवेच्या नळीत शिरलं, तिथले व्हॉल्व्ह बंद झाले, त्यामागोमाग फीड वॉटरचे पंप थांबले आणि टर्बाइन बंद पडलं. भट्टीतली उष्णता वाहून नेणारं दुय्यम पाणीच थांबल्यानं भट्टीतलं पाणी फिरवणाऱ्या मुख्य मंडलातला दाब वाढला. तो कमी करायला प्रेशरायझरच्या, म्हणजे मंडलातला दाब राखणाऱ्या टाकीच्या, डोक्यावरचा रिलीफ व्हॉल्व्ह आपोआप उघडला. आठव्या सेकंदाला नियंत्रक कांड्या खाली पडल्या आणि अणुविखंडनाची साखळी थांबली. इथवर सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं.

विखंडन थांबलं म्हणून उष्णता थांबत नाही, आणि अशा प्रत्येक अपघाताचं मूळ इथंच असतं. इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. भट्टी बंद झाल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा टक्क्यांच्या आसपास असते, तासाभरानं सव्वा-दीड टक्क्यावर येते. या भट्टीची औष्णिक क्षमता सुमारे २,७७० मेगावॉट होती. म्हणजे तासाभरानंही ३५-४० मेगावॉट उष्णता सतत काढून नेणं भाग होतं. पाणी आहे तोवर चिंता नाही, पाणी गेलं की इंधन वितळणार.

पाणी गेलं, ते त्याच रिलीफ व्हॉल्व्हमधून. दाब उतरल्यावर साधारण तेराव्या सेकंदाला तो बंद व्हायला हवा होता, तो उघडाच अडकला. कंट्रोल रूममधल्या दिव्यानं मात्र तो बंद असल्याचं सांगितलं. तो दिवा व्हॉल्व्ह प्रत्यक्ष कुठे आहे ते दाखवत नव्हता, बंद होण्याचा विद्युत आदेश गेला एवढंच दाखवत होता. आदेश पोचला आणि व्हॉल्व्ह हलला नाही, तर ते कळायला थेट खूण कुठलीच नव्हती. भरीस भर म्हणून, आणीबाणीचं पाणी वाफजनित्रांकडे नेणाऱ्या नळ्यांवरचे दोन व्हॉल्व्ह आधीच्या चाचणीनंतर बंदच राहिले होते. पंप फिरत होते, पाणी पुढे जात नव्हतं. हे आठ मिनिटांनी लक्षात आलं. ऑपरेटरांपुढे तेव्हा शंभरावर इशारे एकदम वाजत होते आणि इशारे छापणारा प्रिंटर पुढे तास-दोन तास मागे पडत गेला.

सगळ्यात महागात पडलेला निर्णय पुढच्या काही मिनिटांतला. दाब घसरताच आणीबाणीचे उच्चदाब पंप दोन मिनिटांत आपोआप सुरू झाले आणि भट्टीत पाणी ढकलू लागले. पण प्रेशरायझरमधली पाण्याची पातळी वर चढताना दिसली. मंडल पाण्यानं काठोकाठ भरू द्यायचं नाही, असं ऑपरेटरांच्या मनावर प्रशिक्षणात पक्कं बिंबवलेलं होतं, कारण तसं झालं की दाबावरचा ताबा जातो. म्हणून साडेचार मिनिटांच्या सुमारास त्यांनी एक पंप बंद केला आणि दुसऱ्याचा प्रवाह अगदी कमी केला. वास्तविक पातळी वर दिसत होती, कारण वरच्या उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी आणि वाफ निसटत होती आणि खाली भट्टीत पाणी उकळून बुडबुडे होत होते. भट्टीतली पाण्याची पातळी थेट मोजणारं उपकरणच नव्हतं.

सव्वापाचच्या आसपास मुख्य पंप हादरू लागले, कारण ते पाण्याऐवजी पाणी-वाफेचं मिश्रण ढकलत होते. पंप खराब होतील म्हणून दोन बंद केले, पावणेसहा वाजायच्या आत उरलेले दोन. सहाच्या सुमारास इंधनाचा वरचा भाग उघडा पडला. ६ वाजून २२ मिनिटांनी, नव्या नजरेनं परिस्थिती पाहणाऱ्या शिफ्टच्या सूचनेवरून, अडकलेल्या व्हॉल्व्हच्या मागचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केला गेला. तोवर मंडलातलं एक तृतीयांशाहून जास्त पाणी वाहून गेलं होतं. गळती थांबली, पण पाणी पुरेसं परत घातलं गेलं नाही आणि वितळणं पुढेही चालू राहिलं.

इथं एक जुनी नोंद सांगायलाच हवी. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात, याच बनावटीच्या भट्टीत, हाच व्हॉल्व्ह असाच उघडा अडकला होता आणि तिथल्या ऑपरेटरांनीही प्रेशरायझरची पातळी पाहून पंप असेच आवरते घेतले होते. भट्टी फक्त ९ टक्के शक्तीवर होती आणि वीसेक मिनिटांत प्रकार लक्षात आला, म्हणून निभावलं. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्यानं १९७८ च्या सुरुवातीला लेखी इशारा दिला की ऑपरेटरांना नव्यानं सूचना द्या. तो कागद टेबलांवरून फिरत राहिला. खरा धोका त्या दीड वर्षात होता, आणि त्याची बातमी कुठेही नव्हती, कारण ज्याची बातमी व्हावी असं काही घडलेलंच नव्हतं.

बुधवारच्या बातम्या

भट्टीत त्या सकाळी काय झालं ते आता नेमकं माहीत आहे. इंधनावरचं झिरकोनियमचं आवरण १,२०० अंश सेल्सिअसच्या वर वाफेशी जोरात प्रक्रिया करतं, स्वतः उष्णता देतं आणि हायड्रोजन सोडतं. असा साडेचारशे किलोच्या आसपास हायड्रोजन तयार झाला. भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला, आणि त्यातला सुमारे २० टन भाग ओघळून पोलादी पात्राच्या तळाशी पोचला. पात्र फुटलं नाही. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी बाहेरच्या काँक्रीटच्या वास्तूत साठलेला हायड्रोजन पेटला आणि आतला दाब क्षणात २८ पीएसआयनं (पीएसआय हे दाबाचं एकक) वाढला. वास्तू ६० पीएसआयसाठी बांधलेली होती. कंट्रोल रूममध्ये धप्पकन आवाज ऐकू आला, आलेखावर उंच टोक उमटलं, आणि तो विजेच्या उपकरणातला दोष समजून विषय सोडून देण्यात आला.

बाहेर काय चाललं होतं? हॅरिसबर्गच्या एका रेडिओ केंद्राच्या वाहतूक वार्ताहरानं पोलिसांची बिनतारी बोलणी ऐकली, वृत्तसंपादकानं अणुकेंद्राला फोन केला आणि साडेआठच्या आत पहिली बातमी गेली. नऊ वाजून गेल्यावर असोसिएटेड प्रेसनं ती देशभर पोचवली. अकराच्या सुमारास उपराज्यपाल विल्यम स्क्रँटन पत्रकारांपुढे आले आणि केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून म्हणाले की सगळं आटोक्यात आहे, लोकांना धोका नाही. केंद्रातून वाफ सोडली गेल्याचं त्यांना त्यानंतर कळलं. दुपारी त्यांना पुन्हा येऊन सांगावं लागलं की परिस्थिती आपल्याला सांगितली होती त्याहून गुंतागुंतीची आहे आणि कंपनीनं दिलेली माहिती विसंगत होती. लोकांचा विश्वास तुटायला सुरुवात झाली ती इथून.

कंपनी जाणूनबुजून खोटं बोलली, असं म्हणणं सोपं आहे. नोंदी वेगळं सांगतात. आत काय झालंय ते कंट्रोल रूममधल्या लोकांनाच ठाऊक नव्हतं. गाभ्यातल्या तापमापकांनी ठरावीक मर्यादेपुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह छापलं. तंत्रज्ञांनी हातातल्या मीटरनं मोजून काही ठिकाणी २,००० अंश फॅरनहाइटच्या वरचे आकडे आणले, ते अशक्य म्हणून बाजूला सारले गेले. अर्धा गाभा वितळला हे ठामपणे कळायला काही वर्षं गेली. १९८२ मध्ये कॅमेरा आत सोडल्यावर गाभ्याच्या वरच्या भागात दीड मीटर पोकळी दिसली. तळाशी साचलेलं वितळलेलं द्रव्य १९८५ मध्ये दिसलं.

त्या सकाळची एक गोष्ट मात्र वस्तुपाठ म्हणून लक्षात ठेवावी अशी आहे. वास्तूच्या घुमटातल्या किरणोत्सर्ग मापकाच्या आकड्यावरून गणित केलं, तेव्हा नदीपलीकडच्या गोल्ड्सबरो गावात तासाला १० रेम असा भयंकर मात्रादर निघाला. (रेम हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं जुनं एकक, हजार मिलिरेमचा एक रेम.) गाव हलवण्याची तयारी करण्याचा निरोपही गेला. पण लगेच माणसं पाठवून त्या दिशेला प्रत्यक्ष मोजलं, तर आकडा तासाला १ मिलिरेमहूनही कमी, म्हणजे गणिताच्या दहा हजारांश. गणितात वास्तूची गळती गृहीत धरली होती, तेवढी गळती प्रत्यक्षात नव्हती. निरोप मागे घेतला गेला. कुणी घाबरलं नाही, कुणी पळालं नाही.

शुक्रवार: १,२०० हा आकडा

दोन दिवसांनी असाच एक आकडा आला, आणि या वेळी आधी मोजून पाहण्याची पायरी गळली.

३० मार्चच्या सकाळी सातनंतर सहायक इमारतीतल्या, भट्टीला भरीचं पाणी पुरवणाऱ्या मेकअप टाकीतला वायूचा दाब कमी करण्यासाठी शिफ्टनं व्हॉल्व्ह उघडला. वायू नळीतून साठवण टाकीत जायचा होता. नळी गळकी आहे हे माहीत होतं, त्यामुळे थोडा वायू धुरांड्यातून बाहेर जाणार हेही माहीत होतं. आठच्या सुमारास हेलिकॉप्टरनं धुरांड्याच्या सुमारे ४० मीटर वर मोजलं: तासाला १,२०० मिलिरेम. आजच्या एककात १२ मिलिसिव्हर्ट.

त्याच वेळी वॉशिंग्टनजवळ अणुनियामक आयोगाच्या मुख्यालयात एक वेगळंच गणित चाललं होतं. साठवण टाक्या भरून त्यांतून सतत वायू सुटू लागला, तर केंद्राच्या कुंपणाशी जमिनीवर किती मात्रादर होईल? उत्तर निघालं तासाला १,२०० मिलिरेम. काही क्षणांत फोनवरून बातमी आली की केंद्राकडे १,२०० मिलिरेम मोजले गेलेत. गणित खरं ठरलं, असं खोलीतल्या सगळ्यांना वाटलं. हा आकडा कुठे मोजला, हे विचारलं गेलं नाही. एक आकडा धुरांड्याच्या तोंडावरच्या हवेतला होता, काही मिनिटांच्या झोतातला. दुसरा जमिनीवरचा, सतत गळतीचा, आणि केवळ कागदावरचा. संख्या सारखी निघाली हा निव्वळ योगायोग होता.

सव्वानऊला मुख्यालयातून राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला फोन गेला: १६ किलोमीटरच्या आतली वस्ती हलवा. तिथून जिल्ह्याच्या आपत्ती अधिकाऱ्याला निरोप गेला आणि दहा मिनिटांत रेडिओवर सांगितलं गेलं की स्थलांतराचा आदेश येऊ शकतो, तयार राहा. राज्याच्या किरणोत्सर्ग संरक्षण कार्यालयाचे प्रमुख थॉमस जेरुस्की आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे जमिनीवरचे खरे आकडे होते. स्थलांतराची गरज नाही, हे ते ओरडून सांगू पाहत होते. पण रेडिओ ऐकून सगळ्या गावानं फोन उचलले होते आणि लाइनी तुंबल्या. शेवटी हे अधिकारी स्वतः उठून कार्यालयाकार्यालयांत गेले.

राज्यपाल डिक थॉर्नबर्ग यांनी दहाच्या सुमारास आयोगाचे अध्यक्ष जोसेफ हेंड्री यांना गाठलं. हेंड्रींनी स्थलांतराची शिफारस मागे घेतली, पण लोकांना घरात थांबायला सांगा म्हणाले. तसं सांगितलं गेलं. सव्वाअकरानंतर हॅरिसबर्गमध्ये भोंगा वाजला. साडेबाराला राज्यपालांनी सांगितलं की ८ किलोमीटरच्या आतल्या गरोदर बायकांनी आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांनी सध्या दूर जावं. शाळा बंद झाल्या. तीन तासांत लोकांनी 'निघा', 'थांबा', 'दारं-खिडक्या लावा' आणि 'लेकरांना घेऊन जा' असे चार सल्ले ऐकले. त्याच दरम्यान कंपनीचे उपाध्यक्ष जॅक हर्बीन पत्रकारांना ३०० ते ३५० मिलिरेम असा आकडा देत होते आणि पत्रकारांच्या हातात १,२०० चा होता. प्रश्नांचा भडिमार झाल्यावर, आम्ही करतो ती प्रत्येक गोष्ट तुम्हाला सांगायची गरज काय, अशा अर्थाचं ते बोलून गेले. त्या वाक्यानं जे नुकसान केलं ते कोणत्याही वायूनं केलं नाही.

आकडा विचारताना चार गोष्टी सोबत मागायच्या असतात: कुठे मोजला, कधी, किती वेळ तसा राहिला, आणि हा मात्रादर आहे की एकूण मात्रा. १,२०० मिलिरेम प्रति तास हा वेगासारखा आकडा आहे. धुरांड्याच्या वर तासभर तरंगत राहणारा कुणी असता तर त्याला १,२०० मिलिरेम मिळाले असते. गावातल्या माणसाला मिळणारी मात्रा त्यातून कळत नाही.

बुडबुडा

शुक्रवारी दुपारी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी पाठवलेले अणुनियामक आयोगाचे अधिकारी हॅरोल्ड डेंटन केंद्रावर पोचले. शांत बोलणारा, एकच माणूस, रोज ठरलेल्या वेळी पत्रकारांपुढे. त्यानं बरंच निवळलं असतं. पण मधेच दुसरी भीती उभी राहिली.

भट्टीच्या पात्रात वरच्या घुमटाखाली हायड्रोजनचा सुमारे २८ घनमीटरचा बुडबुडा अडकला होता. पाण्यावर किरणोत्सर्ग पडला की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. मग त्या बुडबुड्यात ऑक्सिजन साठत जाऊन तो स्फोटक होईल का? पाच टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन झाला की मिश्रण पेटू शकतं. शनिवारी मुख्यालयात वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडून गणितं मागवली गेली, आणि काहींनी ऑक्सिजन झपाट्यानं वाढतोय असं उत्तर दिलं. रात्री आठनंतर असोसिएटेड प्रेसची बातमी गेली: बुडबुडा दोन दिवसांत स्फोटक होऊ शकतो. बातमीदारानं ती कल्पनेनं रचली नव्हती. आयोगाच्याच मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांनी त्याला ते सांगितलं होतं. हॅरिसबर्गमध्ये डेंटन आणि राज्यपालांना रात्री अकराला पत्रकार परिषद घेऊन ते खोडून काढावं लागलं.

भौतिक-रसायनशास्त्र डेंटनच्या बाजूनं होतं. दाबाखालच्या पाण्याच्या भट्टीत रोजच्या चालू स्थितीतसुद्धा मुद्दाम थोडा हायड्रोजन पाण्यात विरघळवून ठेवतात, तो नेमका याच कारणासाठी: जादा हायड्रोजन असला की किरणोत्सर्गानं सुटलेला ऑक्सिजन त्याच्याशी लगेच पुन्हा जुळतो आणि पाणी होतं. इथं तर हायड्रोजनचा महापूर होता, ऑक्सिजन साठायला वावच नव्हता. मुख्यालयाची गणितं साध्या पाण्याच्या विघटनाचा वेग धरून केली होती आणि ही उलट प्रक्रिया त्यांत नव्हती. रविवारी १ एप्रिलला कार्टर यायच्या थोडं आधी, विमानतळावरच, आयोगाचे रॉजर मॅटसन आणि व्हिक्टर स्टेलो हे दोन तज्ज्ञ याच मुद्द्यावर एकमेकांशी भांडत होते. स्टेलोंचं बरोबर होतं. दुपारपर्यंत मुख्यालयालाही ते पटलं. बुडबुडा पाण्यात विरघळवून आणि प्रेशरायझरमधून थोडा थोडा सोडून पुढच्या दोन दिवसांत संपला.

कार्टर पिवळी प्लास्टिकची पायमोजडी घालून कंट्रोल रूममध्ये फिरले. नौदलात त्यांनी अणुभट्ट्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं, १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर भट्टीच्या अपघातानंतरच्या सफाईत ते होते. त्यांच्या येण्यानं लोकांच्या जिवात जीव आला. आयोगानं मात्र 'स्फोटाची भीती आमच्या गणितातल्या चुकीमुळे होती' असं स्पष्ट, मोठ्यानं कधी सांगितलं नाही. बुडबुडा आकसला, धोका टळला, एवढंच लोकांपर्यंत गेलं. त्यामुळे आपण स्फोटातून थोडक्यात वाचलो, अशी समजूत कितीतरी लोकांच्या मनात कायमची राहिली. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली माहितीची सर्वांत मोठी चूक हीच. पहिली चूक घाईतली होती, समजण्यासारखी. दुरुस्ती न सांगणं हा निर्णय होता.

मात्रा प्रत्यक्षात किती

बाहेर गेलं ते मुख्यतः झेनॉन-१३३ आणि इतर निष्क्रिय वायू. राष्ट्राध्यक्षांनी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगानं त्यांचा अंदाज २४ लाख ते १ कोटी ३० लाख क्युरी (क्युरी हे किरणोत्सारितेचं जुनं एकक) असा दिला. ऐकायला हा आकडा भयंकर आहे, पण झेनॉन शरीरात टिकत नाही, जमिनीत मुरत नाही, पाच दिवसांत निम्मा होतो आणि वाऱ्यानं पांगतो. ज्याची खरी धास्ती घ्यायची ते आयोडीन-१३१, ते दुधातून मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. ते बाहेर गेलं १३ ते १७ क्युरी. चेर्नोबिलमधून १९८६ मध्ये तेच आयोडीन पावणेपाच कोटी क्युरींच्या आसपास गेलं. दोन्हीकडे गाभा उद्ध्वस्त झाला, पण थ्री माइल आयलंडला काँक्रीटची भक्कम वास्तू शाबूत होती, आयोडीन पाण्यातच अडकलं आणि उरलेलं बरंचसं कोळशाच्या फिल्टरांनी धरलं. परिसरातल्या दुधात जास्तीत जास्त लिटरला ४० पिकोक्युरीच्या आसपास आयोडीन सापडलं. कारवाई करायची सरकारी पातळी होती १२,०००.

१६ किलोमीटरच्या आतल्या माणसाला सरासरी ८ मिलिरेम, म्हणजे ०.०८ मिलिसिव्हर्ट मिळाले. ८० किलोमीटरच्या आतल्या वीस लाख लोकांची सरासरी १ मिलिरेमच्या आसपास. कुंपणाशी सतत उभ्या असलेल्या काल्पनिक माणसालाही १०० मिलिरेमपेक्षा कमी. त्याच भागात निसर्गातून वर्षाला १०० ते १२५ मिलिरेम मिळतातच. आपल्याकडच्या वाचकाला पट्टी म्हणून सांगायचं तर भारतात अणुकेंद्रामुळे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १०० मिलिरेम आहे. तारापूरबद्दलची बातमी असो की उद्या जैतापूरबद्दलची, आकडा या पट्टीवर ठेवून पाहता येतो.

वीस लाख लोकांत इतर कारणांनी आयुष्यभरात सुमारे सव्वातीन लाख कर्करोगाचे मृत्यू होणारच होते. त्यात या मात्रेनं पडलेली भर मोजून शोधता येण्याजोगी नाही, असा केमेनी आयोगाचा निष्कर्ष. नंतर कोलंबिया विद्यापीठानं परिसरातल्या कर्करोगाचा अभ्यास केला. केंद्राजवळ थोडी वाढ दिसली, पण मात्रेच्या प्रमाणात ती चढत नव्हती. १९९७ मध्ये स्टीव्ह विंग यांनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीनं मांडून वाऱ्याच्या दिशेला फुप्फुसाचा कर्करोग आणि ल्युकेमिया वाढल्याचं म्हटलं. पिट्सबर्ग विद्यापीठानं ८ किलोमीटरच्या आतल्या ३२ हजार लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, त्यात किरणोत्सर्गाशी जोडता येईल असा सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. विंग यांचा आक्षेप मोजमापांच्या विश्वासार्हतेवर होता आणि पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी किती विस्कळीत होत्या ते पाहता, तो विचारायला हवाच होता. तरीही एकूण पुराव्याचा तोल शारीरिक हानी अत्यल्प असण्याकडेच झुकतो.

हानी झाली ती दुसरीकडे. शुक्रवारचा सल्ला फक्त ८ किलोमीटरच्या आतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी होता, म्हणजे काही हजार माणसांसाठी. प्रत्यक्षात २४ किलोमीटरच्या आतले सुमारे १ लाख ४४ हजार लोक निघून गेले. बहुतेक जण दूरच्या नातेवाइकांकडे गेले. अन्न व औषध प्रशासनानं मध्यरात्री औषध कंपन्यांना उठवून थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू न देणाऱ्या पोटॅशियम आयोडाइडच्या २ लाख ३७ हजार बाटल्या मागवल्या, त्या गोदामात पडून राहिल्या. केमेनी आयोगानं अपघाताचा सर्वांत मोठा आरोग्य परिणाम म्हणून मानसिक ताणाची नोंद केली. ताण हा काल्पनिक आजार नाही, आणि स्थलांतरही फुकट नसतं. फुकुशिमा प्रांतात २०११ नंतर घाईच्या हलवाहलवीशी आणि विस्थापनाशी निगडित मृत्यू अधिकृत नोंदीतच २,००० च्या वर गेले आहेत, त्यांत मोठा भाग म्हाताऱ्या माणसांचा.

मग माध्यमं दोषी किती? केमेनी आयोगाच्या खास गटानं त्या आठवड्यातल्या बातम्या तपासल्या. काही वृत्तपत्रांचे मथळे खरोखर भीती पसरवणारे होते. पण एकंदर मजकुरात धीर देणारी विधानं भीती घालणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. त्यांना आढळलेला मोठा दोष असा की शेकडो पत्रकारांत अणुभट्टीची तोंडओळख असलेले मोजके होते, आणि ज्यांना विचारायचं ते कंपनी, राज्य आणि अणुनियामक आयोग हे तिघं तीन गोष्टी सांगत होते. आधी बारा दिवस अणुभट्टीच्या अपघातावरचा एक हॉलिवूडपट प्रदर्शित झालेला, त्यानं लोकांच्या डोळ्यांपुढचं चित्र आयतं तयार होतं. तरी शुक्रवारचा १,२०० आणि शनिवारचा स्फोट हे दोन्ही अणुनियामक आयोगाच्या मुख्यालयातून निघाले. बुधवारी, गाभा वितळत असताना, पत्रकारांनी तितक्याच इमानानं 'सगळं आटोक्यात' हेही छापलं होतं.

पुढच्या वर्षीचा क्रिप्टॉन

अपघातानंतर केंद्रांमध्ये बरेच बदल झाले. व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवणारे संकेत आले, भट्टीतल्या पाण्याची पातळी मोजण्याची सोय झाली, कंट्रोल रूमची मांडणी बदलली, प्रत्येक केंद्राभोवती १६ किलोमीटरचं आणीबाणी नियोजन क्षेत्र ठरलं. माहितीच्या बाबतीतला धडा मात्र केंद्राजवळच्या मिडलटाऊन गावातच, वर्षभरानं, पुन्हा गिरवावा लागला.

बंद वास्तूत सुमारे ४३,००० क्युरी क्रिप्टॉन-८५ कोंडलेला होता. तो सोडल्याशिवाय माणसांना आत जाऊन सफाई करता येत नव्हती. शास्त्रीयदृष्ट्या हा वायू झेनॉनसारखाच, आणि मात्रा नगण्य. पण मार्च १९८० मधल्या जाहीर सभेत लोकांनी अधिकाऱ्यांना बोलू दिलं नाही. आकडे बरोबर होते, पण ते सांगणाऱ्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. तेव्हा दोन गोष्टी केल्या गेल्या. राज्यपालांनी अणुउद्योगावर टीका करणाऱ्या युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संघटनेकडूनच अभिप्राय मागवला. वायूपासून शारीरिक धोका नाही, असं त्यांनी लिहून दिलं, लोकांच्या मानसिक ताणाचा मुद्दा मात्र वेगळा नोंदवला. आणि परिसरातल्या बारा गावांमधल्या पन्नासेक नागरिकांना पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या मदतीनं किरणोत्सर्ग मोजायला शिकवलं. त्यांत शिक्षक, गृहिणी, निवृत्त माणसं अशी सगळी होती. मीटर आपल्या गावात, आपल्या हातात, आणि नोंद आपण लिहायची.

२८ जून १९८० ला वायू सोडायला सुरुवात झाली आणि दोन आठवड्यांत काम संपलं. या वेळी पंधरा महिन्यांपूर्वीसारखी गावं रिकामी झाली नाहीत.